सीटी स्कॅनच्या खोलीतला माझा 'लहान भाऊ'

नमस्कार. या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचते, लिहायचं धाडस आज करतेय. आधीच सांगते — मी जालना जिल्ह्यात, टेंभुर्णीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. हळदीवर चुन्याचं पाणी टाकून 'रक्त' कसं काढतात, पेटता कापूर जिभेवर कसा ठेवतात, हे दरवर्षी पोरांना करून दाखवते. करणी, बाहेरचं, अंगात येणं... घरात कुणी विषय काढला तर मी उठून जाते. म्हणून शाळेतलं कुणी हे वाचत असेल तर हसू नका, एवढीच विनंती. नावं बदलली आहेत.

मी रांगत होते तेव्हा माझे वडील गेले. कुंभार पिंपळगावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराचा दिवस, समोर गिऱ्हाईक, आणि बोलता बोलता ते काउंटरवर वाकले ते उठलेच नाहीत. वय बत्तीस. आधी दुखणं नाही, खुपणं नाही. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, लग्नातला. त्यात ते पाटावर बसलेत आणि मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलाय. लहानपणी मी त्या फोटोवरच्या माळा बोटानं बाजूला सारायला बघायचे म्हणे. आईनं शिवणकाम करून मला वाढवलं. वडिलांबद्दल विचारलं की म्हणायची, "चांगले होते. अजून काय सांगू?" विषय तिथंच संपायचा.

मागच्या वर्षी जालन्यात हृदयरोगावर एक संशोधन सुरू झालं. ज्यांचे आई किंवा वडील कमी वयात हार्ट अटॅकनं गेले, पण ज्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, अशांच्या हृदयाचा सीटी स्कॅन करायचा. रक्तवाहिन्यांत काही साठायला लागलंय का ते आधीच बघायचं, म्हणजे अटॅक येण्याआधी कुणाला औषध द्यायला हवं ते कळेल. मी एकेचाळीस वर्षांची, घरात एक मुलगी. वाटलं, आपण तर विज्ञानाच्या बाई, आपण नाही जायचं तर कुणी? नाव दिलं.

स्कॅनच्या दिवशी मिस्टरांना सुट्टी मिळाली नाही, मी एकटीच गेले. हे नीट लक्षात घ्या — माझ्यासोबत कुणीही नव्हतं.

तिथली टेक्निशियन रुकसाना, जालन्याचीच, पंचविशीतली मुलगी. तिनं हातात सुई लावली, छातीला ईसीजीच्या पट्ट्या चिकटवल्या. हृदयाचे ठोके साठ-पासष्टच्या खाली आल्याशिवाय फोटो नीट येत नाही, हलतो. त्यासाठी गोळीही दिली होती. पण माझे ठोके काही उतरेनात. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "मॅडम, थोडं थांबू. नाहीच झालं तर परत कधीतरी बोलावतो." मी वरवर हो म्हणाले. मनात मात्र ठरवून टाकलं होतं की आज सुटले तर परत यायचंच नाही. बत्तीसाव्या वर्षी गेलेल्या माणसाची मी मुलगी. आत काय दिसेल, याची भीती मला त्या टेबलावर आडवं झाल्यावर कळली.

रुकसाना काचेपलीकडच्या खोलीत गेली. मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन उताणी, मान हलवायची नाही. वरचं पांढरं छत आणि मशीनची गोल कड, एवढंच दिसत होतं. एसीची थंडी.

स्पीकरवरून तिचा आवाज आला, "ओ भैया, बाहेर या बरं. आत थांबायचं न्हाई कुणी."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय.

"भैया, तुम्हालाच! मशीन चालू करायचीय, जल्दी या बाहेर."

मी म्हटलं, "रुकसाना, इथं कुणी नाहीये गं."

मग दार उघडून ती आत आली, मशीनच्या मागं जाऊन बघितलं, पेशंट येतात ते दुसरं दार ओढून बघितलं. ते आतून बंद होतं. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या डोक्याशी उभे होते की आत्ता... तुमचे लहान भाऊच ना?"

"मला भाऊ नाही."

मग तिची नजर मॉनिटरवर गेली. माझे ठोके साठच्या खाली आले होते. खरं सांगते, मला त्या वेळी भीती वाटली नाही. छातीतली धडधड कुणीतरी हळूच खाली ठेवल्यासारखी शांत झाली होती. ती पळत बाहेर गेली, स्कॅन झाला. पहिल्याच फटक्यात.

नंतर बाहेरच्या बाकावर मी तिला धरून बसवलं. कसा होता तो माणूस, सांग. ती बिचारी घाबरलेली. म्हणाली, "बारीक होते. पांढरा शर्ट, बाह्या वर मोडलेल्या. नाक बिलकुल तुमच्यासारखं, म्हणून तर भाऊ वाटले. वाकून तुमच्याकडंच बघून राह्यले होते." मग थोडं थांबून, "अन एका पायावर उभे होते, मॅडम. दुसरा पाय वर घेऊन पोटरीला टेकवलेला. म्हणून तर मला राग आला. म्हटलं, हे काय आरामात उभे राह्यलेत!"

त्या शनिवारी मी कुंभार पिंपळगावला गेले. आई शिवत बसली होती. मी सगळं सांगितलं, अगदी हसत हसत, म्हणजे तिला वाईट वाटायला नको. एका पायाचं आलं तसं तिनं मशीन थांबवलं.

"पोटरीला टेकवून?"

"हो."

आईनं हातातलं कापड मांडीवर ठेवलं. "दुकानात तसेच उभे राह्यचे," ती म्हणाली. "डबा घेऊन गेले की मी म्हणायचे, बगळ्यावानी काय उभे राह्यले? मंग ते मला हसवायला मुद्दाम अजूनच तसं करायचे."

"आई, तू मला हे कधीच नाही सांगितलंस."

"काय काय सांगू, माय? सांगितलं की सरून जाईल असं वाटायचं."

मग तिनं विचारलं, "अन तुला न्हाई दिसले?"

"नाही."

"मला बी न्हाई. इतक्या वर्षांत एकदा बी न्हाई. सपनात सुद्धा न्हाई आले." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. पाऊस आला नाही, असं सांगावं तसं सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मला घेतील का गं त्या मशीनमदी?"

मी तिला समजावलं, की या संशोधनात तिच्यासारख्यांना घेत नाहीत, ते फक्त गेलेल्यांच्या मुलांसाठी आहे. तिनं मान डोलावली. पण रिपोर्टच्या दिवशी सकाळीच जालन्याच्या बसस्टँडवर हजर! अंगावर लग्नकार्यातली इरकली साडी, केस चापूनचोपून बसवलेले. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "वळखतील का मला? ते बत्तीसचे. अन मी ही अशी..."

मी तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

डॉक्टरांनी स्क्रीनवर माझं हृदय दाखवलं. एका रक्तवाहिनीत चरबीचा मऊ थर साठायला लागला होता. अजून कडक झालेला नाही, म्हणून साध्या तपासणीत तो कळलाच नसता. "गोळी चालू करू, रोज चाला. वेळेत सापडलं," ते म्हणाले. आई खुर्चीत पुढं सरकली. तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे मशीन तवा असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तेव्हा नव्हतं, आजी."

दुपारी पेशंट नव्हते तेव्हा मी रुकसानाला विचारलं, आईला दोन मिनिटं आत जाऊ देशील का? ती लगेच उठली. आईला आत नेलं, टेबलाच्या डोक्याकडची जागा बोटानं दाखवली आणि दार ओढून बाहेर आली. काचेतून आई एकटीच दिसत होती. आधी नुसतीच उभी राहिली. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि काहीतरी बोलायला लागली. स्पीकरमधून आवाज आमच्याकडं येत होता, "अवं, पोरगी मास्तरीण झाली..." एवढंच मी ऐकलं. रुकसानानं हात पुढं करून स्पीकर बंद केला.

त्यानंतर फक्त आईचे ओठ हलताना दिसले. मध्येच ती हसली, तोंडाला पदर लावून. तसं हसताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "दिसले?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर बोलून घेतलं."

तुम्ही कमेंटमध्ये विचाराल म्हणून सांगते. ठोके का उतरले, तर डॉक्टर म्हणतात, गोळीचा असर उशिरा झाला. पटतं मला. काचेत कुणाचं तरी प्रतिबिंब पडलं असेल, हेही स्वतःला सांगून झालं. पण जी सवय मलाही माहीत नव्हती, ती जालन्यातल्या एका परक्या मुलीला कशी दिसली? कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे. फुटेज मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. मी मागितलं नाही. विज्ञानाच्या बाईनं मागायला हवं होतं, कळतं मला.

संशोधनवाले काही काळानं परत स्कॅनला बोलावणार आहेत, गोळीनं तो थर कमी झाला का ते बघायला. मी जाणार आहे. फक्त या वेळी माझे ठोके लवकर खाली येऊ नयेत, असं सारखं वाटतं.