पितळेची कांडी

"काही दुखत नाही," असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. सांगणारा नेहमी सुईच्या मुठीकडं असतो, टोकाकडं नसतो. परवा भाची म्हणाली, "मावशी, आता यंत्रानं केस कायमचे जातात. मुंगी चावल्यावानी होतं, बस्स." मी म्हटलं, मुंगीचं नाव माझ्यापुढं काढू नकोस. ती हसली. मी हसत नव्हते.

कळंबला आमचं घर पेठेच्या मागं होतं. वडील शाळेत मास्तर. मराठवाडा नव्या राज्यात आला त्याच्या आगंमागं मी मॅट्रिक झाले, आणि त्याच सुमाराला माझ्या वरच्या ओठावर मिशी आली. आली म्हणजे चांगलीच आली. धाकट्या भावाला पुढं मिसरूड फुटलं तेव्हा घरात कोण कौतुक! माझी फुटली तर सगळे असे गप्प, जसं काही मीच ती कुठून तरी उचलून आणली होती.

आईनं आपल्या परीनं इलाज केला. चुलीतली कोमट राख बोटांना लावायची, माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरायचं आणि एकेक केस चिमटीत पकडून उपटायचा. राखेनं केस निसटत नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. "झालंच, झालंच," आई म्हणायची. कधीच झालेलं नसायचं. महिनाभरात पुन्हा तेच, उलट राठ.

मग तुळजापूरचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, नाकीडोळी नीटस, घर जुनं. त्याची मावशी बघायला आली होती. तिनं मला दारात नेलं, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि ओठावरून अंगठा फिरवला. बाजारात जनावराचे दात बघतात ना, तसा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी उभी राहिले, कारण आई मागं पदर चावत उभी होती.

"बाकी सगळं ब्येस हाय," मावशी म्हणाली. "तेवढं ह्ये काढून घ्या. दिवाळी झाली की येतो आमी."

स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आधी दोन स्थळं ह्याच कारणानं फिरली होती, फक्त त्यांनी तोंडावर सांगितलं नव्हतं. वडिलांनी कुठून तरी शोध काढला: सोलापुरात एक डॉक्टर विजेच्या सुईनं केस मुळासकट मारतो. पाच खेपा घातल्या की काम झालं. वडील मला काहीच बोलले नाहीत. आईला म्हणाले, "तिला घेऊन जा." मी समोर बसले होते.

बार्शीवरून एस.टी.नं सोलापूर. पहाटे निघायचं. निघायच्या आधी आई मला उंबऱ्यात बसवायची आणि काशाच्या वाटीनं खोबरेल तेल माझ्या तळपायांना आणि तळहातांना घासायची, तळवे काळे पडेपर्यंत. अंगातली आग त्यानं उतरते, दुखणं सोसवतं, असं तिचं म्हणणं. पण निघायच्या घाईत पायच तेवढे नीट घासून व्हायचे, हाताला ती नुसतं बोट लावल्यासारखं करायची. ते घासणं एवढं एक मात्र मला आवडायचं. त्या सगळ्या उपद्व्यापात आपल्यासाठी केलेलं वाटावं असं तेवढंच होतं.

डॉक्टरांचं यंत्र म्हणजे लाकडी पेटी, आत बॅटऱ्या, वर विजेचा जोर कमीजास्त करायची चावी. पेटीतून दोन तारा निघालेल्या. एका तारेला सुई. दुसऱ्या तारेला पितळेची कांडी, तिला मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलेलं. ती कांडी माझ्या उजव्या हातात दिली.

"घट्ट धरायची. काही झालं तरी सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले. "दुखत नाही. मुंगी चावते तेवढंच."

डावा हात आईनं धरला.

सुई केसाच्या मुळात शिरली. डॉक्टरांनी चावी फिरवली. आधी नुसती चुरचुर, मग ती चुरचुर वाढत वाढत नाकापर्यंत गेली, दातांत उतरली, जिभेवर तांब्याच्या पैशासारखी चव आली. केसाच्या बुडाशी बारीक पांढरा फेस यायचा, तो डॉक्टर कापसानं टिपायचे. मग तो केस चिमट्यानं अलगद निघायचा. मग दुसरा. असे एका बैठकीला पंचवीस-तीस. ओठ किती हळवा असतो हे देवानं कुणाला सांगितलंच नाही वाटतं, डॉक्टरांना तर नाहीच.

"रडायला काय झालं एवढं?" ते म्हणायचे.

मी रडत नव्हते. ओठाला टोचलं की डोळ्यांतून पाणी येतंच, डॉक्टर असून एवढं कळू नये? आई म्हणायची, "सोस गं माझ्या बाई. थोडंच ऱ्हायलं." ह्या 'सोस'ची मला अशी चीड यायची की सांगता सोय नाही. पण तिचा हात मी सोडला नाही. तिची बोटं माझ्या बोटांत अडकवून मी छताकडं बघत बसायचे आणि मनातल्या मनात तुळजापूरच्या त्या मावशीला शिव्या घालायचे. चांगल्या अस्सल शिव्या, पेठेतल्या हमालांकडून ऐकलेल्या.

तिसऱ्या खेपेला गंमत झाली. गंमत कसली, डोंबल.

त्या पहाटे आईनं नेहमीपेक्षा जास्त तेल घासलं. दुसऱ्या खेपेनंतर माझा ओठ सुजून त्यावर खपल्या धरल्या होत्या, ते तिच्या जिवाला लागलं होतं. तळपाय झाले, मग हात. "आज बघ, तुला काय बी कळायचं न्हाय," म्हणाली. हात इतके तेलकट झाले की एस.टी.चा दांडा धरवेना.

डॉक्टरांनी सुई घातली, चावी फिरवली. काहीच नाही. मला तर बरं वाटलं, आईच्या तेलाला गुण आला म्हणायचं! डॉक्टरांनी चावी आणखी फिरवली. काही नाही. "बॅटरी उतरली की काय," असं पुटपुटत त्यांनी ती शेवटापर्यंत नेली. तेवढ्यात तेलानं कांडी हातातून सरकायला लागली. सोडायची नाही हे डोक्यात इतकं बसलेलं की मी पटकन तळहात लुगड्याला पुसला आणि ओलं फडकं मुठीत आवळून धरलं.

डोळ्यांपुढं पांढरं झालं. ओठातून कुणीतरी तापलेला खिळा ठोकावा तसं झालं. मी किंचाळले आणि कांडी फेकून दिली. ती फरशीवर खणकन पडली.

आणि त्याच क्षणी सगळं थांबलं. सुई ओठातच होती, चावी शेवटाला होती, पण कळ बंद.

"कुणी सांगितलं सोडायला?" डॉक्टर ओरडले.

"सोडली की बंद पडतंय?" मी विचारलं.

"मग? म्हणून तर सांगतो, घट्ट धर."

माझा कानांवर विश्वास बसेना. दोन खेपा मी ज्या कांडीला जीव खाऊन आवळून बसले होते, तिच्यातूनच ते दुखणं येत होतं. सोडली की संपलं. हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्यानं मला फक्त 'धर' एवढंच सांगितलं.

मग त्यांनी माझा तळहात बघितला. "तेल कुणी लावलं?"

"म्या लावलं, साहेब," आई म्हणाली. "आग व्हऊ ने म्हणून."

"अडाणी बाई! तेलातून वीज जाते का? पोरीचा ओठ जळला तुमच्यापायी."

"तिला अडाणी म्हणायचं न्हाय," मी म्हणाले. ओठ सुजल्यामुळं शब्द बोबडे निघाले, पण निघाले. "चावी तुम्ही वाढवत नेली, तिनं न्हाय." आईनंच मला चिमटा काढला. डॉक्टरांची माफी तिनंच मागितली, वाकून. परतीच्या एस.टी.त ती बार्शीपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मी पुन्हा जाणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी जा. एवढं स्थळ जाऊ दिऊ नको." गेले. त्या पहाटे तिनं तेलाची वाटी बाहेर काढलीच नाही.

पण आता माझ्याजवळ एक गुपित होतं. चौथ्या आणि पाचव्या खेपेला दुखणं दातांत उतरलं की मी मूठ जराशी सैल करायचे. अगदी जराशी. कांडी हातातच असायची, फक्त आवळलेली नसायची. कळ लगेच ओसरायची. डॉक्टर चावीकडं बघून बॅटरीला नावं ठेवायचे. मी तोंडावरची सुरकुती हलू द्यायचे नाही. सांगते, त्या खोलीत पहिल्यांदा मला सुख वाटलं, आणि ते मला कुणी दिलेलं नव्हतं.

मुळं मेली नाहीत, हे सांगायला नकोच. दिवाळीपर्यंत केस पुन्हा डोकवायला लागले, आणि तिसऱ्या खेपेच्या जागी एक काळा खड्डा पडला. तो अजून आहे.

मावशी ठरल्याप्रमाणं आली. पुन्हा दार, पुन्हा उजेड, पुन्हा तो अंगठा.

"अगं बया! ह्ये काय करून ठिवलं? केस हायीतच, वर ह्यो डाग!"

आई रडायला लागली. "लई सोसलं हो पोरीनं," ती म्हणाली. "पाच खेपा. डॉक्टर म्हणले कांडी सोडायची न्हाय, तर तेल लावलं तेवढी खेप सोडता पुन्हा हातातली ढिली केली न्हाय तिनं. लई सोशिक हाय. तुमच्या घरात बी अशीच नांदंल."

त्या अंगठ्याखालून मी तोंड काढून घेतलं.

"ढिली केली," मी म्हणाले. "चौथ्याला केली, पाचव्याला केली. दुखलं की करत होते. मी सोशिक बिशिक काही न्हाय."

मावशीनं चहासुद्धा घेतला नाही. टांगा वळणावर गेला तसे वडील शाळेत निघून गेले, सुट्टी होती तरी. आई चुलीपुढं बसली, मी भिंतीला टेकले.

"मला सांगायचं तरी," आई शेवटी म्हणाली. "तुझा दुसरा हात माझ्याच हातात होता की. माझ्या कानात सांगायचं, सैल सोडली की दुखत न्हाय म्हणून."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

तिनं विचार केला. माझ्या आईचं एक होतं, ती खोटं बोलायची नाही.

"धर म्हणले असते," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घ्यायला तिनं हात पुढं केला.

मी दिला नाही.