जाड टायरांची गाडी

समोर कुठलीही वस्तू आली की ते आधी बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट!"

कलिंगड असो, दाराची फळी असो, सोसायटीची पाण्याची टाकी असो. माझा नवा फ्रिज त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून रिजेक्ट केला. फ्रिज अजून चालतो.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा गृहस्थ असेलच. आमच्या दिंडोशीच्या वसाहतीतले हे काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. अंधेरीच्या एका कारखान्यात, 'क्वालिटी'मध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या मालात खोट काढायची आणि संध्याकाळी समाधानाने घरी यायचं. स्वतः त्यांनी आयुष्यात काही बनवलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट बहुधा त्यांच्या लक्षात आली असावी, कारण एके दिवशी एका टेम्पोतून त्यांनी एक मेलेली फियाट आणली आणि आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या जागेत, विटांवर चढवून ठेवली.

"हॉट रॉड करणार," त्यांनी जाहीर केलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापायचं, बॉनेट काढून टाकायचं, मागे हत्तीच्या पायासारखे जाड टायर लावायचे आणि पोटात तिच्या वयाला न शोभणारं इंजिन बसवायचं. अमेरिकेत याला हॉट रॉड म्हणतात. आमच्या वसाहतीत म्हातारचळ म्हणतात.

मी पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या जागेच्या डोक्यावर राहते. त्यामुळे या गाडीचा प्रत्येक ठोका मी ऐकलाय. एकदा न राहवून खाली गेले आणि म्हटलं, "काका, व्हॅनचं इंजिन घालताय, पण वजन सगळं पुढे येणार. ब्रेकचं काय?"

त्यांनी पान्याने कान खाजवला. "तुला नाही कळायचं."

आता हे वाक्य मला कुणी म्हणायचं नाही. माझे वडील गिरणीत साचे चालवायचे, आई चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि तीही फिजिक्सची. ती मी कुणाला विसरू देत नाही.

"मी बी.एस्सी. आहे, काका."

"असशील. पण ही गाडी आहे, पेपर नाही."

पुढच्याच महिन्यात त्यांनी पुढचे ब्रेक बदलले. मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फक्त जाता-येता त्या ब्रेककडे जरा जास्त वेळ बघायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मूळच्या कणकवलीकडच्या. एरवी शुद्ध बोलायच्या. रागावल्या की मालवणीवर यायच्या. त्या काळात त्या मालवणीतच राहत होत्या म्हणा ना! त्यांचं इडलीपात्र काकांनी खाली नेलं होतं. प्रत्येक खळग्यात वेगळ्या मापाचे नटबोल्ट, वर रॉकेल. काय सोय होती! फक्त त्या घरात पुन्हा इडली झाली नाही. जुन्या साड्या संपल्यावर त्यांनी हात पुसायला एक बरी साडीही नेली.

"अहो, ती माझ्या बहिणीने दिलेली!"

"सुती आहे. तेल छान टिपते."

रविवारी काकू त्यांचा चहा खाली घेऊन येत. तो बॅटरीवर ठेवत आणि गाडीभोवती एक चक्कर मारत. "मला बसवणार कधी?" एवढंच विचारत. चालवा म्हणायच्या नाहीत, नुसतं बसवा म्हणायच्या. पण आत सीटच नव्हती. सीट आली तेव्हा दार नव्हतं. दार लागलं तेव्हा रंग ओला होता.

"दोन रविवारांचं काम आहे," काका म्हणायचे. किती दोन-दोन रविवार गेले, ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं.

मधेच बिल्डिंगची दुरुस्ती निघाली. आमच्या खांबांना तडे गेले होते. प्रत्येक खांबाभोवती सळ्या बांधून वरून काँक्रीटचा जाड थर चढवायचा, असं ठरलं. देखरेखीला कोण? अर्थात 'क्वालिटी'. काका रोज टेप घेऊन कंत्राटदाराच्या मागे. टकटक, कान, रिजेक्ट. एका खांबाचा थर बोटभर कमी भरला तर त्यांनी तो फोडून पुन्हा करायला लावला.

"साहेब, इतकं कोण बघतंय?" कंत्राटदार रडकुंडीला आला होता.

"मी बघतोय. एक सूत कमी चालणार नाही."

आता वसाहतीतल्या एकाही माणसाच्या, त्यात मीही आले, लक्षात आलं नाही ते असं. खाली खांब जाड होत होते आणि त्याच खांबांच्या मधे, विटांवर बसून, गाडीही जाड होत होती. काकांनी पत्रा ठोकून मागचे मडगार्ड फुगवले होते. टायर तर घरात, दिवाणाखाली झाकून ठेवलेले. दसऱ्याला लावणार होते.

दसरा उजाडला. काकांनी पांढरा शर्ट घातला. गाडी लालभडक, पुढे झेंडूचं तोरण, उघड्या इंजिनावर हळदकुंकू. टायर लावून गाडी विटांवरून उतरवली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. इंजिन सुरू झालं, आणि खरं सांगते, आवाज असा होता की माझ्या खिडकीची काच थरथरली. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, पर्स घेऊन उभ्या होत्या. गाडी बाहेर आली की त्या बसणार होत्या.

गाडी पुढे सरकली. लिंबं चिरडली. पुढची चाकं खांबांमधून बाहेर आली. मग मागून कर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी थांबली. दोन्ही बाजूंचे फुगवलेले मडगार्ड दोन्ही खांबांना टेकले होते. असे घट्ट, की मधून पोस्टकार्डही गेलं नसतं.

काका उतरले. आधी मडगार्डवर टकटक केली, मग खांबावर.

"खांब चुकलाय," ते म्हणाले.

"खांब तुम्हीच पास केलात ना, काका?" हे मी म्हटलं. सोडते की काय!

काकूंनी पर्स काखेत मारली. "ही गाडी खंय जावची नाय, माका म्हायत हा," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

उपाय अगदी साधा होता. वॉचमनसुद्धा सांगत होता. फियाटची जुनी बारीक चाकं त्याच्याच चौकीत पडली होती, दोन एकावर एक ठेवून तो त्यांच्यावर बसायचा. "साहब, ये पुराना लगा दो ना. वो बाजूवाला पतरा भी निकालो. निकल जायेगी."

काका असे भडकले, जणू कुणी त्यांच्या पेन्शनवर हात टाकला. "बारीक चाकांवर हॉट रॉड बाहेर काढू? नवरदेवाला लंगोटीवर मांडवात न्यायचा का?" गाडी ढकलून परत आत गेली. ते रोज उतरून इंजिन सुरू करायचे, जागच्या जागी गुरगुरवायचे आणि बंद करायचे. फिल्मसिटीत शूटिंगच्या कामाला जाणारे आमचे एक शेजारी एकदा विचारून गेले, "सेटवर उभी करायला देता का? चालली नाही तरी चालेल." काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आमच्याकडे दुरुस्ती पूर्ण झाली की इमारत पाडायची वेळ येते. तसंच झालं. बिल्डर आला, करार झाले, घरं रिकामी करायची तारीख ठरली. खांब तर इतके पक्के झाले होते की बिल्डरचा इंजिनियर म्हणाला, "हे पाडताना आमची वाट लागणार." काकांना ते ऐकून बरं वाटलं. बाकी कुठे काही बरं वाटण्यासारखं नव्हतं. जाणकार मंडळी सल्ला देत होती: कापून भंगारात द्या. काकांचं ठरलं होतं वेगळंच. गाडी इथेच राहील, बिल्डर खांब फोडेल, मग ती टायरांसकट, ताठ मानेने बाहेर येईल.

"आणि मी?" काकूंनी विचारलं. मी तेव्हा त्यांच्याकडे खोके बांधायला गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय.

"तुला तेव्हा बोलावू ना."

"माझे गुडघे बघितलेत? भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर गेले की मी काय तुमच्या गाडीसाठी उतरणार?" काकू चिकटपट्टी तोडत होत्या, वर बघतही नव्हत्या. "मला ते टायर बघायचे नाहीत हो. मला बसायचंय. इतकी वर्षं चहा आणून देतेय, मला एकदा बसायचंय."

काकांनी ओठ उघडले. मला वाटलं, आता येणार 'तुला नाही कळायचं'. आलं नाही. त्यांनी खोक्यावर उगाच दोनदा टकटक केली आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. काका जमिनीवर उकिडवे बसून स्वतःच ठोकलेले मडगार्ड स्वतःच उतरवत होते. कुणाला हात लावू दिला नाही. मग चौकीत जाऊन वॉचमनकडून बारीक चाकं मागून आणली. बदल्यात ते जाड टायर त्याला देऊन टाकले. वॉचमन खूश झाला, बसायला ऐसपैस.

गाडी खांबांमधून बाहेर आली. दिसत कशी होती म्हणून सांगू! वर छप्पर नाही, बाजूला मडगार्ड नाहीत, खाली चार काड्या चाकं. पिसं काढलेली कोंबडी. अख्खी वसाहत गॅलरीत उभी, आणि कुणाला हसू आवरेना. मला तर मुळीच आवरलं नाही.

काकांनी गेटपाशी गाडी थांबवली. "बस," म्हणाले.

काकू तेच लुगडं नेसून आल्या. बसल्या. ऊन लागलं तशी पर्समधून काळी छत्री काढली आणि उघडली. कागदोपत्री या गाडीला रस्त्यावर चालायला परवानगी नव्हतीच, म्हणून काकांनी वसाहतीच्या मैदानाभोवतीच घेतली. बैलगाडीच्या वेगाने. अमेरिकेतली ती आग ओकणारी हॉट रॉड, आणि तिच्यात छत्री धरलेल्या आमच्या काकू, डावी-उजवीकडे बघत, ओळखीच्यांना मान हलवत.

मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर इंजिन बंद पडलं. आम्ही धावलो. काका स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होते, जणू गाडी अजून चालतेच आहे. कान लाल झाले होते.

"काकू, उतरा, ढकलायला हलकी होईल," कुणीतरी म्हटलं.

"मी उतरूचंय नाय!" काकूंनी छत्री बदलून दुसऱ्या हातात घेतली. "माका आज बसूक गावला हा. ढकला तुम्ही."

आम्ही ढकललं. काकांनी पहिल्यांदाच बायकोकडे वळून पाहिलं. हसले की काय, मागून नीट दिसलं नाही.

गाडी पुढे टेम्पोतून काकूंच्या भाच्याकडे, कणकवलीला गेली. तिथे ती मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, बाजूला उभी आहे आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात, असं कळलं. काका भाड्याच्या घरी गेले आणि पुढच्याच वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. नवी इमारत त्यांनी पाहिली नाही. बरंच झालं म्हणायचं. एवढं मोठं बांधकाम रिजेक्ट करता-करता त्यांचं बोट झिजलं असतं.

परवा आम्हाला घराच्या चाव्या मिळाल्या. काकूंना मी रिक्षाने घेऊन आले. बिल्डरचा माणूस लिफ्ट दाखवत होता, सतराव्या मजल्यावरचा उजेड सांगत होता. काकूंचं लक्ष नव्हतं. त्या काठी टेकत पार्किंगमध्ये शिरल्या. अजून एकही गाडी आली नव्हती. खांब लांब-लांब, गुळगुळीत.

काकूंनी काठी माझ्या हातात दिली. मग दोन खांबांच्या बरोबर मधे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात, जितके ताणता येतील तितके, बाजूला पसरले. तशाच, हात पसरून, हळूहळू पलीकडे चालत गेल्या. हात कुठेही टेकले नाहीत.

"आजी, लिफ्ट इकडे आहे," बिल्डरचा माणूस म्हणाला.

काकूंनी हात खाली घेतले नाहीत. "गेली असती गो," त्या मला म्हणाल्या. "टायरांसकट गेली असती."