दोघांचा डबा

सोयाबीनचा लिलाव माझ्या दुकानासमोर आला होता, तेवढ्यात वैनीचा फोन आला. "भावजी, लवकर या… ह्यांनी मान टाकली." पाठ शेकून घेता घेता दादा गेला. ते ऐकूनही मी चालू असलेली बोली पुरी केली आणि मगच उठलो. महिना उलटला. मला रडू येतं ते दादा गेला म्हणून की ती बोली पुरी केली म्हणून, हे अजून मला ठरवता येत नाही.

सोपानदादा धाराशिवच्या मार्केट यार्डात हमाल होता, हमालांच्या युनियनचा पुढारी होता आणि माझा सख्खा थोरला भाऊ होता. मी त्याच यार्डात आडत्या. लोकांना याची भारी गंमत वाटायची. आम्ही मूळचे ईट गावचे. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून पोती उचलली आणि मला बी.कॉम. केलं. पुढं मला आडतीचा परवाना मिळाला. मी म्हणालो, आता ठेव तो पोत्याचा हूक खाली आणि गादीवर बस. "म्या गादीवर बसलो तर ह्यांच्याकडनं बोलायचं कुणी?" एवढं म्हणून तो हमालांच्या टोळीकडं निघून गेला. घर एक, चूल एक. घरात तो थोरला, यार्डात मात्र मी शेठ.

वैनी दोघांचा मिळून एकच डबा भरायची. वरचा कप्पा दादाचा, खालचा माझा. दुपारी दादा दारात येऊन आपला कप्पा घ्यायचा आणि ओट्याच्या पायरीवर टोळीबरोबर जेवायला बसायचा. मी आत, गादीवर. युनियनचा बंद असला की तो माझ्याच दुकानासमोर माझ्याच नावानं घोषणा द्यायचा आणि भूक लागली की डबा मागायला यायचा. मी चिडवायचो, "आडत्याच्या दुकानातली भाकरी चालती का रं?" तो म्हणायचा, "भांडण आडतीशी हाय, भाकरीशी न्हाय." कधी म्हणायचा, "दत्ता, खाली ये की लेका जेवायला." गिऱ्हाईक बसलंय, फोन यायचाय… मी कधीच गेलो नाही.

आमचा खरा वाद पोत्यावरून. युनियनचं म्हणणं, शंभर किलोचं पोतं बंद करा, पन्नास किलोचा कट्टा करा. पाठ माणसाची आहे. आम्हा व्यापाऱ्यांचं म्हणणं, बारदाना, म्हणजे रिकामी पोती, दुप्पट लागेल, वेळ दुप्पट जाईल, खर्च वाढला की भाव पडेल आणि माल लातूरला जाईल. ते अगदीच खोटंही नव्हतं. आमच्यासारख्या बारक्या आडत्याला धक्का बसलाच असता. दादा एवढंच म्हणाला, "लातूरच्या हमालाला काय दोन पाठी हायेत?" बोलणं खरं होतं. पण बोलणं खरं म्हणून कोण वाद सोडतो!

व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. भावाची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच सगळ्यांत मोठ्यांदा बोललो. हमालांना लाडावून ठेवलंय, असंही बोलून गेलो. दादा टोळीसकट खिडकीबाहेर उभा होता. कट्ट्याचा विषय बारगळला. संध्याकाळी जेवताना माझी मान वर होईना. दादानं माझ्या ताटात भाकरी वाढली. "लई चांगलं बोललास," तो म्हणाला. "तुझी शाळा फुकट न्हाय गेली." त्यापेक्षा त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी शंभर किलोचं पोतं पुन्हा त्याच्या पाठीवर चढलं, माझ्याच दुकानातलं.

वैनी सवयीनं अजून दोघांचाच डबा भरते. तिला थांबवायची माझी छाती होत नाही. परवा तो डबा घेऊन मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. "बसा, शेठ," म्हणत सगळी टोळी उठली आणि आपापली भाकरी घेऊन कडुलिंबाखाली सरकली. मालक शेजारी बसल्यावर त्यांना घास कसा गोड लागणार? दादाच्या बरोबरीचे हुसेनचाचा तेवढे बसून राहिले. मी दादाच्या कप्प्यातली भाकरी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती मोडली, अर्धी स्वतः घेतली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"मी इथं बसलेलं कुणाला आवडलं न्हाई वाटतं, चाचा."

"बसा की, पायरी तुमचीच हाय." चाचा सावकाश चावत राहिले. "पर तुमी इथं बसून सोपानला काय पोचतंय? मिटिंग व्हईल तवा तिथं उठा. आन् गेल्या बारीला बोलला तसंच बोला… मोठ्यांदा."

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. दुकान बंद झालं की मी गादीवर एकटाच मोठ्यांदा बोलून बघतो, पन्नास किलोचा कट्टा करा.