ड्रमच्या आतला जोड

भुताखेतांशी माझा काही व्यवहार नाही, हे आधीच सांगून टाकतो. अर्धं आयुष्य मी पुलगावात बँड चालवतोय. लग्नं वाजवून अपरात्री बैलगाडीतून परतताना आसपासची एकूण एक बदनाम झाडं क्लॅरिनेट बगलेत मारून ओलांडली आहेत. एकाही झाडावरून कुणी फर्माईश केली नाही. या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचतो आणि मनसोक्त हसतो. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

दुसरी मोठी लढाई संपून सातेक वर्षं झाली असतील. लष्करी भंगाराच्या लिलावातून माझ्या पार्टीत एक साइड ड्रम आला. ड्रमचा जो गोल पितळी पत्रा असतो, त्याला आम्ही कडं म्हणतो. या कड्याच्या कमरेला सभोवार एक उठावदार पट्टी होती, काठ बाहेर वळवलेले होते, आणि हवा जायच्या बारीक भोकाशेजारी नंबर ठोकलेला होता. ड्रमवाला नथ्थू त्याच्या प्रेमात पडला आणि पहिल्याच वरातीत त्याला घेऊन नालीत पडला. कड्याला हा एवढा पोचा आला.

पोचा आतूनच काढावा लागतो. म्हणून दोन्हीकडची कातडी उतरवून मी ते कडं भिवाजीकाकांकडे नेलं. काका तांबट. त्यांचा मुलगा वसंता माझ्याच बरोबरीचा, पक्का डावखुरा. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात पत्रेकामाला गेला आणि मग त्याची काही खबरच नाही. जिवंत असल्याची नाही, नसल्याचीही नाही. त्याची बायको सुमित्रा सासऱ्याजवळच राहिली. त्या उन्हाळ्यात काकांनी स्वतः पुढाकार घेऊन देवळीच्या एका बिजवराशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला होता. सायकली दुरुस्त करणारा साधा माणूस. ती मोठ्या मुश्किलीनं हो म्हणाली होती... हे लक्षात असू द्या.

भर दुपार होती. काकांनी कडं हातात घेऊन आत पाहिलं, आणि पोच्याकडे लक्षच दिलं नाही.

"मास्तर, हे कोणाचं काम हाय?"

"इंग्रजाचं. दुसरं कोणाचं?"

"इंग्रज असा जोड करते का? बोट लावून पाहा."

मी बोट लावलं. पत्रा वाकवून जिथे त्याची दोन टोकं जोडली होती, तिथे दोन्ही टोकांना दात कापून ते एकमेकांत बसवले होते, आपण बोटांत बोटं गुंतवतो तसे, आणि वरून भट्टीत पितळेनं पक्के केले होते. आपल्याकडचे हंडे असेच जोडतात. माझं नख प्रत्येक दाताला अडत होतं. हे मी शपथेवर सांगतो, आणि शपथा मी सहसा फक्त उधारीच्या बाबतीत घेतो.

"दात उलटे झुकले हायेत," काका म्हणाले. "डाव्या हातानं कापले की असे झुकतात. याच्यापायी मी वसंताले मारत होतो."

सुमित्रा पाणी घेऊन आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला, कडं उजेडाकडे फिरवलं आणि एकेका दातावरून बोट नेलं. बराच वेळ.

"मामाजी, हे त्याईचंच काम हाय."

मग काकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणीच केलं नसतं. पोचा काढून त्यांनी भट्टी पेटवली आणि कड्याला आतून कल्हई लावायला घेतली.

मी म्हटलं, "काका, याच्यात का वरण शिजवाचं हाय?"

"चूप राहा. या घरच्या हातचं भांडं कल्हईबिगर दाराबाहेर जात नाई."

पितळ तापलं, नवसागराचा धूर निघाला, कथिल वितळलं, आणि काकांनी कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे फिरवलं. कडं आतून आरशासारखं चमकायला लागलं. जोड त्या चकाकीखाली झाकला गेला. तिघांनाही त्याचं काही वाटलं नाही. आम्ही पाहिला होता ना.

"देवळीले निरोप धाडू का?" काकांनी विचारलं.

सुमित्रा म्हणाली, "धाडा."

एवढंच. हात सापडला म्हणजे माणूसही कुठंतरी असणार, असं आम्ही धरून चाललो, आणि तिचा पाट मोडला. त्या घरात इतक्या वर्षांनी कुणी हसताना मी ऐकलं. नथ्थूनं तर वसंताच्या स्वागताला कोणती धून वाजवायची हेही ठरवलं.

आता ड्रम कुठून आला ते शोधायचं होतं. वर्ध्याला लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. नंबर पाहून ते काही सांगतील म्हणून आम्ही कातडी चढवून, ड्रम माझ्या मांडीवर घेऊन आगगाडीनं गेलो. सुमित्राही आली. नवं लुगडं नेसून आली होती. वाटेत ड्रम माझ्या मांडीवरून हलला नाही. तिकीट तपासनिसानं त्याचं वेगळं तिकीट मागितलं तेव्हासुद्धा नाही.

हवालदारांनी नंबर पाहिला आणि ड्रम ओळखला. असे त्यांनी ढिगानं वाजवले होते. पत्रा गोल वाकवायचा, एक टोक दुसऱ्यावर चढवायचं आणि शिशाच्या डाखानं सरळ रेषेत झाळायचं, असं ते सांगू लागले.

काका हसले. "तुमचे सरळ असतीन, साहेब. हा उघडून तं पाहा."

ड्रम उघडला. आतली कल्हई काकांनी स्वतःच खरवडली. खाली एक रेष निघाली. करड्या रंगाची, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रुळासारखी सरळ.

काका म्हणाले, "इथं नसन," आणि पुढे खरवडत राहिले. कडं फिरवत फिरवत त्यांनी सगळी कल्हई काढली. बोटांतून रक्त येऊ लागलं तेव्हा सुमित्रानं त्यांचा हात धरला. दात कुठेच नव्हते. दुसरा जोडही नव्हता.

"दुसराच ड्रम आणला असेल तुम्ही," हवालदार म्हणाले.

दुसरा कसा असेल? काढलेल्या पोच्याच्या जागी काकांच्या हातोडीच्या खुणा होत्या. कल्हई काकांची होती. कातडी मी स्वतः चढवली होती.

हवालदारांनी स्टोव्हवर सळई तापवून त्या रेषेच्या टोकाला लावली. डाख तुपासारखा ओघळला. काका त्या थेंबाकडे पाहत राहिले.

"हे कच्चं हाय," ते म्हणाले. "कल्हईच्या आचेनं हे उकललं असतं. माह्या भट्टीत हे टिकलंच कसं?"

ते मलाही कळत नाही. डाखाचा जोड त्या आचेत टिकत नाही, आणि भट्टीत पक्के केलेले दात पुसले जात नाहीत. मी दोन्ही पाहिलं आहे, दोन्हीला बोट लावलं आहे. वाद्यांच्या एका कारखानदाराला विचारलं, तो म्हणाला, तुम्हाला भास झाला असेल. तिघांना? एकच? आणि तोही नखाला अडणारा?

आम्ही परतलो. देवळीच्या माणसानं तोवर दुसरीकडे जमवलं होतं, त्याचाही दोष नाही. काका त्यानंतर कामाचे राहिले नाहीत. कुणी भांडं आणलं की आधी ते उलटं करून त्याचा जोड पाहायचे. गेल्या वर्षी वारले. अंत्ययात्रेत आम्ही वाजवलं, पण तो ड्रम मी नेला नाही.

सुमित्रा त्याच घरात एकटी राहते. कुंकू लावते. लग्नसराईआधी आम्ही ड्रमची कातडी बदलतो हे तिला ठाऊक आहे. न सांगता येते, ओट्यावर बसते. मी कडं तिच्या हातात देतो. ती ते उजेडाकडे धरून आतून बोट फिरवते.

"सरळच हाय," ती म्हणते.

"सरळच हाय, वहिनी."

"पण तुमी पाह्यलं होतं न, मास्तर?"

"पाह्यलं होतं."

ती मान हलवते आणि कडं मला परत देते.

"चढवा मंग कातडं."