भावाचं लुगडं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या ऑफिसात कुणीही सांगेल. तरी त्या दिवशी पहिला फटका मी मारला नव्हता.

कंपनीचा सेवादिवस होता. इचोड्याच्या पलीकडे निराधारांचं एक केंद्र आहे. तिथं आम्ही सगळे एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून उतरलो. हैदराबादहून आलेले मोठे साहेब पुढे, फोटोवाला त्यांच्याही पुढे. दारात बॅनर बांधून झाला आणि साहेबांनी हुकूम सोडला, खाटांखालची सगळी घाण बाहेर काढा, नव्या चादरी द्या. केंद्राच्या ताई म्हणत होत्या, "विचारून घ्या हो, त्यांचं सामान असतं ते." पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, कुणी ऐकलं नाही. बायकांना अंघोळीला पाठवलं आणि अंगणात गाठोडी, चिंध्या, फाटक्या गोधड्या, मोडक्या काठ्या यांचा ढीग रचला. साहेबांनी स्वतः डिझेल ओतून काडी लावली. फोटो निघाला.

वांकिडीकडची एक आजी ओल्या केसांनी बाहेर आली. तिनं आधी खाटेखाली वाकून पाहिलं, मग आगीकडे. धावत जाऊन तिनं दोन्ही हात जाळात घातले. साहेबांनी मागून धरलं, तर मनगटाला असा कडकडून चावा घेतला की ते गुरासारखे ओरडले. सुटताच तिनं जळतं लाकूड उचलून त्यांच्या कपाळावर हाणलं. पिवळा टी-शर्ट रक्तानं भिजला.

"पागल है, पकडो!" साहेब किंचाळले.

आमच्यातल्या दोघांनी तिला जमिनीवर आपटलं. एकानं पाठीत गुडघा रोवला, दुसऱ्यानं हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि माझं डोकं फिरलं. फिनाइलची बादली उचलून मी गुडघेवाल्याच्या डोक्यात घातली. रोज माझ्याच शेजारी बसून डबा खाणारा माणूस तो. लोकांनी मला मागे ओढेपर्यंत इकडे बॅनरची दोरी सोडून आजीला खाटेशी बांधलंही होतं.

ती दोरी ताईंनी आणि मी सोडली. आजीच्या तळव्यांची सालटी निघाली होती.

"काय होतं गं आजी त्यात?"

"लुगडं व्हतं माहं. भावानं देल्लं. त्यो बिमार व्हता, म्हने माह्या मांगं कोन आनन तुले, आताच घे."

आमच्याकडे बाई मेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिरडी उठत नाही, आणि ते भावानं आणायचं असतं. हिचा भाऊ मरताना ती सोय करून गेला होता. साहेब कपाळाला रुमाल दाबून बसले होते. त्यांना मी हिंदीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, दहा साड्या पाठवून देऊ.

"मले दान नाई पायजे," आजी म्हणाली. "जाळलं त्यानं, आता भाऊबी त्यानंच व्हावं. सांग त्याले, मी मेली का सोता लुगडं घेऊन ये."

मी शब्दन् शब्द सांगितला. साहेब उठून गाडीत जाऊन बसले.

हातांच्या जखमा चिघळत गेल्या आणि दिवाळीच्या आत आजी गेली. केंद्रावर पोचून मी साहेबांना फोन केला. दुपारी कंपनीचा ड्रायव्हर रेशमी साडीचा खोका घेऊन आला. तो खोका मी त्याच्याच गाडीच्या काचेवर भिरकावला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला आवरलंच नाही. म्हटलं, साहेबांना सांग, भाऊ आल्याशिवाय तिरडी उठणार नाही. नोकरी गेली तर गेली.

संध्याकाळी साहेब आले, एकटेच. हातात निर्मलच्या बाजारातून घेतलेलं साधं सुती लुगडं होतं. मी त्यांना वाट दिली, माफी दिली नाही. त्यांनी वाकून ते आजीच्या अंगावर पसरलं. तेव्हा बाही वर सरकली आणि मनगटावर तिच्या दातांची खूण दिसली.