पाच टक्के कमी

धाकट्या बहिणीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला तरच सरकारी अनुदान लागू होणार होतं, म्हणून मी तिला सेनगावहून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चारचौघांत लंगडणं दिसू द्यायचं नाही, ही तिला आईची शिकवण. तपासणीतही ती गुडघ्यावर हात न टेकता, दात आवळून सरळ चालली.

"चांगलं चालता की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पस्तीस टक्के लिहिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून अशी चालली?"

"परक्या माणसापुढं लंगडत चालू व्हय, दादा?"

स्टँडवर एसटीच्या पायरीपाशी मी तिला नेहमीसारखं उचलून आत चढवलं.