सतरा वर्षं दहा महिने

सार्जंट फव्वाजच्या नोकरीला सतरा वर्षं दहा महिने झाले होते. अठरा भरली की आयुष्यभराचं निवृत्तिवेतन पक्कं. उरलेले साठ दिवस उत्तरेला अक्कारच्या डोंगरातल्या गावात त्याची बायको सुहैला मोजत होती आणि इथे दक्षिणेत, सुरुंगांच्या रानात, तिचा धाकटा भाऊ हातिम. फव्वाजला मोजायला सवड नव्हती. मार्चपासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि तो लपवण्यातच त्याचा दिवस जात होता.

त्याच्या गावात दर दुसऱ्या घरात एक फौजी असतो. तिथली जमीन कुणाचं पोट भरत नाही, म्हणून फौज भरते. फव्वाज विसाव्या वर्षी गेला आणि सुरुंग काढणाऱ्यांत पडला. सुहैलाला मागणी घातली तेव्हा तिच्या बापाने तोंडावर सांगितलं होतं, की पगार घेऊन स्वतःची कबर खणणाऱ्याला मी मुलगी देत नाही. फव्वाजने अठरा वर्षांचा शब्द दिला, वर एक दिवस नाही, आणि मुलगी मिळवली. तेव्हापासून ती अठरा वर्षं त्यांच्या घरात मोठ्या मुलासारखी वाढत होती. छप्पर अठराव्या वर्षी घालायचं, मुलाला, राशिदला, शिकायलाही तेव्हाच पाठवायचं, सगळं त्याच वर्षावर टांगलेलं.

हात दाखवायचा तर फौजी डॉक्टरला दाखवावा लागणार. तो वैद्यकीय मंडळापुढे उभं करणार, मंडळ ‘शस्त्र धरण्यास अयोग्य’ असं लिहिणार आणि मुदत भरली नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही, दवाखान्याचं कार्डही नाही. एकदा हातावर ठेवतील तेवढे पैसे, की चालू लाग. सतरा वर्षं जो हात देशाने वापरला तो बिघडला म्हणून ही शिक्षा. पण नियम करणाऱ्यांचे हात कधी थरथरत नाहीत, त्यांना कसं कळावं?

हातिमला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. सुरुंगाचं काम जोडीने चालतं. एक जण हातभर रुंद पट्टीत गुडघ्यांवर बसून पुढची जमीन तपासतो, दुसरा पंचवीस पावलं मागे बसून त्याच्यावर नजर ठेवतो. अर्ध्या तासाने शिट्टी होते, जागा बदलतात. शोधयंत्र वाजलं की सळई तिरकी धरून दर दोन बोटांवर माती टोचायची, इतक्या हलक्या हाताने की सुरुंगाच्या कडेला ती नुसती टेकावी. दाजींच्या हातात सळई नाचते आहे हे हातिमने मागून पाहिलं आणि शिट्टी झाल्यावर म्हणाला, “दाजी, यंत्र तुम्ही फिरवा. ते वाजलं की मला बोलवा, खणायचं मी. ऑगस्टपर्यंतचाच तर प्रश्न आहे.”

फव्वाज नको म्हणाला. पण नको म्हणण्यात जोर नव्हता, हे दोघांनाही कळलं. तेव्हापासून जोडीचं सगळं खणणं हातिमच्या अंगावर आलं. नोंदवहीत मात्र दोघांची नावं पाळीप्रमाणे पडत राहिली.

मंगळवारी दुपारी रेडिओवर बातमी आली. नव्या कायद्याने अठराची तेवीस केली. ज्यांची अठरा आज भरलेली नाहीत, त्या सगळ्यांना लागू. तंबूत कुणी शिव्या दिल्या, कुणी रेडिओ बंद केला. एक जण म्हणाला, की आता दात पडल्यावरच सोडतील. संध्याकाळी सुहैलाचा फोन आला. आधी ती रडली, मग स्वतःच सावरली आणि त्याची समजूत घालू लागली, की सतरा गेली तशी पाचही जातील. हातिमनेही हसण्यावारी नेलं. “पाच काय नि दहा काय, दाजी. मला कुठे घाई आहे?”

फव्वाजला रात्रभर झोप नाही. साठ दिवसांसाठी घेतलेली मदत आणि पाच वर्षांसाठी घेतलेली मदत ही एकच गोष्ट नव्हे, एवढं त्याला समजत होतं. पण छप्पर, राशिद, सुहैलाचा आवाज... सकाळपर्यंत त्याने स्वतःला समजावलं, की हात बरा होईल, लिंबू-मध घ्यावा. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावतो.

बुधवारी ते ऑलिव्हच्या एका जुन्या बागेत होते. ऊन तापलं होतं. पहिल्या दोन्ही पाळ्यांत हातिमनेच खणलं होतं आणि आता तिसऱ्यांदा तो पट्टीत होता. पट्टीच्या तोंडाशी आडवी लाल काठी असते. काठीच्या अलीकडे साफ, पलीकडे मरण. पुढची वीतभर जमीन कोपऱ्यासकट तपासून झाली, की मगच काठी पुढे सरकवायची, हे नव्या भरतीलाही पहिल्या दिवशी शिकवतात. हातिमला तर ते फव्वाजनेच शिकवलं होतं.

फव्वाज मागून बघत होता. हातिमने मधली जमीन तपासली, उजवा कोपरा तपासला, कपाळावरचा घाम पुसायला चेहऱ्यावरची ढाल किंचित वर केली आणि ढाल खाली घेताना काठी पुढे सरकवली. डावा कोपरा राहिला होता. आता काठीवरून बघणाऱ्याला ती सगळी जमीन साफच दिसणार होती आणि हातिमचा डावा गुडघा तिकडेच निघाला होता.

“थांब.”

फव्वाज ओरडला नाही. ओरडलं तर माणूस दचकतो. पट्टीत एका वेळी एकच, म्हणून पुढेही धावता येत नव्हतं.

“हातिम, हलू नकोस. डावा गुडघा वर आहे ना, तसाच राहू दे.”

“काय झालं, दाजी?”

“काही नाही. डावा कोपरा राहिलाय. गुडघा मागे घे. जिथून उचललास तिथेच टेक.”

हातिमचा गुडघा मागे आला, टेकला. मग उजवा. मग फव्वाजच्या सांगण्याप्रमाणे त्याने काठी मागे ओढली आणि यंत्र डाव्या कोपऱ्यावर धरलं. ते वाजलं.

साबणाच्या वडीएवढा सुरुंग निघाला. तो हातिमनेच काढला, दुसरं कोण काढणार? पट्टीतून बाहेर आल्यावर त्याने ढाल काढली, पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि हसायचा प्रयत्न केला. डोळे तांबारले होते. रोज किती वाजता झोपतोस, असं फव्वाजने विचारलं. झोप लागतच नाही, गुडघे ठणकतात, असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

फव्वाज तसाच कॅप्टन इल्यासच्या तंबूत गेला. कॅप्टन वयाने लहान, पण माणूस सरळ. फव्वाजने उजवा हात टेबलावर ठेवला आणि मोकळा सोडला. हात नाचू लागला.

“कधीपासून?”

“आज सकाळपासून.”

कॅप्टनने नोंदवही उघडली. “काल तुम्ही दोन सुरुंग काढल्याचं लिहिलंय. या हाताने?”

“काल बरा होता, साहेब.”

खरं सांगितलं तर खोट्या नोंदींपायी हातिमचीही नोकरी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. कॅप्टन हाताकडे बघत राहिला.

“सार्जंट, मी हे लिहिलं तर मंडळ तुम्हाला ठेवणार नाही. निवृत्तिवेतन विसरा. पुन्हा विचार करायचा असेल तर मी काही पाहिलं नाही असं समजतो.”

“लिहा.”

कॅप्टनने ‘आज सकाळपासून’ असंच लिहिलं.

बायकोला फोन करायला त्याला तंबूमागे बराच वेळ उभं राहावं लागलं. त्याने सरळ सांगितलं, की हात गेला आहे, मी कळवलं आहे, आता काही मिळणार नाही. सुहैलाचा बांध फुटला.

“कळवलंत? कुणाला विचारून? सतरा वर्षं मी तुमच्या फोनच्या आवाजाला घाबरत काढली. आणखी पाच काढायला तयार होते. तुम्ही एक हात लपवू शकला नाहीत?”

“लपवला होता.”

“मग? माझा भाऊ तिथेच आहे ना? त्याला सांगायचं. तुमचं थोडं काम त्याने केलं असतं. माझ्यासाठी नाही म्हणाला नसता तो.”

“नाही म्हणाला नाही,” फव्वाज म्हणाला. “तीन महिने माझ्या वाटचे सुरुंग तोच काढत होता, सुहैला. आज काठी चुकला. गुडघ्याखाली सुरुंग होता.”



निवृत्तिवेतनाचं ती पुन्हा बोलली नाही. “आत्ता कुठे आहे तो?”

“तंबूत. रोटीला लबनेचं दही लावून खातोय.”

“त्याला द्या फोन,” ती म्हणाली. “आणि बॅग भरा. दोघांचीही.”

“त्याला सोडणार नाहीत. त्याची तेवीस भरायला अजून अकरा वर्षं आहेत.”